फ्रान्सातला आमचा मुक्काम

दिवाळीचा फराळ आणि प्रवासवर्णन यांचे नाते फार जुने आहे. एका हातात चकली, पाठीला लोड आणि डोळ्यांसमोर पॅरिस, अशा थाटात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी जग पाहिले. मी त्यांतलाच एक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मास्तरकीचा, आणि कादंबरीकार म्हणून जे काही मानधन आजवर हाती आले त्यात मुंबईच्या पलीकडचे तिकीट निघत नाही. तेव्हा फ्रान्सला मी गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ज्याने स्वयंपाक केला नाही त्याने आमटीला नावे ठेवू नयेत, असा नियम आपल्या घरांतून कधीच नव्हता. मराठीत वाढलेले फ्रान्स मी वर्षानुवर्षे जेवतो आहे. त्यात काय कमी पडते, एवढेच आज सांगायचे आहे.

वाचकहो, फ्रान्समधले पहिले गाव तुम्ही कोणते पाहिले? पॅरिस म्हणाल, तर उत्तर घाईचे झाले. आमच्या पिढीने पाहिलेले पहिले गाव दिन्य. नाव आठवणार नाही, पण गाव आठवेल. इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकातली बिशपची चांदीची शमादाने, किंवा साने गुरुजींच्या 'दुःखी'तला ज्याँ व्हालज्याँ, ही त्या गावची ओळख. व्हिक्टर ह्यूगोने १८१५ सालच्या ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी आपल्या नायकाला पायी चालवत या गावात आणले आहे. खिशात पैसे असून त्याला खाणावळीत जागा मिळत नाही, दुसरीकडून हाकलतात, कुत्र्याच्या खोपटातही आसरा मिळत नाही, आणि शेवटी एक दार उघडते. परमुलखातले गाव कसे दिसते, हे मला त्या प्रकरणाने शिकवले. अंधार पडत चालला आहे, अंग दमले आहे आणि रात्र कोठे काढायची हे ठरलेले नाही, अशा माणसाला ते खरे दिसते. ज्याची खोली चार महिने आधी राखून ठेवलेली असते त्याला गावाचा दर्शनी भाग तेवढा भेटतो.

आता आपल्या कपाटाकडे वळू. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले आणि मराठी प्रवासवर्णनाला एक नवी, डौलदार चाल मिळाली. परंतु त्या पुस्तकाच्या नावातच वाट आखलेली आहे. एका टोकाला लंडनचे धुके, दुसऱ्या टोकाला मॉस्कोचा तारा. १९५९ साली गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' प्रसिद्ध झाले, आणि पुढच्याच वर्षी पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई'. 'किर्लोस्कर' मासिकातून ते आधी क्रमशः आले होते, सोबत शि. द. फडणिसांची चित्रे होती. आमच्या घरातली प्रत तिसऱ्या पिढीच्या हातात आहे आणि तिचे पुठ्ठे केव्हाच गेले आहेत. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला देता येणार नाही.

'अपूर्वाई'तला फ्रान्स मुख्यतः पॅरिसचा आहे. पुलं १९५८ साली शिक्षणासाठी लंडनला गेले होते, हाताशी दिवस मोजके, आणि त्या काळी परकीय चलन इतके तोलूनमापून मिळे की प्रवासी मनातल्या मनात सतत हिशेब करीत असावा. या अडचणी विसरून त्यांना खेडी का पाहिली नाहीत असे विचारणे अन्यायाचे होईल. शिवाय त्यांची नजर इमारतीवरून पटकन घसरून माणसावर येते, हा त्यांचा गुण. बिघडले ते पुढे. पुलं परदेशात स्वतःला हसतात. त्या हसण्यामागे दुसऱ्याविषयीचे कुतूहल जागे असते. मागून आलेल्या प्रवासवर्णनकारांनी हसणे तेवढे उचलले आणि कुतूहल तेथेच ठेवले. मग प्रवासी हा नायक झाला, त्याची हरवलेली बॅग हे कथानक झाले, आणि फ्रान्स हे पाठीमागचे पडद्यावरचे चित्र. अशी पुस्तके मी पुष्कळ वाचली. विमानतळ, आयफेल मनोरा, लूव्हरमधली गर्दी, मोनालिसा अपेक्षेपेक्षा लहान निघाल्याची हळहळ, सीन नदीतली होडी आणि परतीचे विमान. हा क्रम इतका पाठ झाला आहे की सत्यनारायणाच्या कथेतल्या अध्यायांप्रमाणे पुढचा अध्याय आधीच ऐकू येतो.

आमच्या छावणीतले एक निवृत्त गृहस्थ मध्यंतरी सहलीबरोबर युरोपला जाऊन आले. पेढे घेऊन भेटायला आले तेव्हा मी त्यांना फ्रान्सविषयी विचारले. बस उत्तम होती, जेवणात वरणभात होता, आणि वाटेत खिडकीतून खेडी दिसत होती, असे म्हणाले. "कशी होती हो खेडी?" या प्रश्नावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "स्वच्छ." त्यांना मी हसलो नाही. आपल्या छापील पुस्तकांतही फ्रेंच खेड्याविषयी याहून फारसे जास्त मिळत नाही. पस्तीस हजारांच्या आसपास ग्रामपंचायती-नगरपालिका असलेला तो देश. लहानशा गावालाही स्वतःचा महापौर, आणि गावोगाव चौकात पहिल्या महायुद्धात मेलेल्या मुलांची नावे कोरलेला दगड. हे सगळे एका 'स्वच्छ' शब्दात गेले.

संथपणे गेले की काय मिळते याचा दाखला एका परक्या पुस्तकातून देतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा लेखक १८७८ च्या शरदात दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांतून बारा दिवस पायी फिरला. बरोबर मोडेस्टीन नावाची गाढवी. पासष्ट फ्रँक आणि ब्रँडीचा एक पेला, ही तिची किंमत. पायपीट साऱ्या सव्वाशे मैलांच्या आत. पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक निघाले, आणि आज त्याच वाटेने लोक मुद्दाम चालत जातात. परंतु मला मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. निघण्यापूर्वी हा गृहस्थ ल मोनास्तिए नावाच्या लहानशा गावात सुमारे महिनाभर राहिला होता. बारा दिवसांच्या वाटचालीला एक महिन्याचा मुक्काम! मग गाढवी त्याला आपल्या चालीने चालायला लावते, त्या चालीत लोक बोलतात, चिडवतात, एका रात्री तर अंधारात वाट दाखवायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याचे साफ नाकारतात. दिन्यमध्ये ज्याँ व्हालज्याँवर जी पाळी आली तीच थोडी याच्यावर. शेवटी गाढवी विकून टाकल्यावर त्याला रडू येते. आमच्या प्रवासवर्णनांत फ्रान्समध्ये काही मागे ठेवून आल्याचे दुःख मला क्वचितच आढळले. खरेदी मात्र पानोपानी.

मराठी माणसाला असे संथ पाहणे जमत नाही, असे कोणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही. इरावती कर्व्यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातला 'वाटचाल' हा लेख काढून पाहा. पंढरीच्या वाटेवर त्या दिंडीबरोबर चालल्या. सोबत चालणारी माणसे गातात एकत्र आणि जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, ही बोच त्यांना मोटारीतून जाऊन लागली नसती. म्हणजे कसब आपल्या घरचे आहे. परदेशी जाताना ते आपण घरी ठेवून जातो.

आणि येथे मला एक जुने देणे आठवते. आमचे गाव, कालपर्यंतचे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर, फ्रेंचांनी फार पूर्वी पाहून ठेवले आहे. हिऱ्यांचा व्यापारी ताव्हेर्निए याच्या १६७६ साली छापलेल्या प्रवासग्रंथात सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना वाटेत भेटलेल्या संगमरवराच्या तीनशेवर गाड्यांची नोंद आहे. लहानात लहान गाडीला बारा बैल. तो दगड बीबीच्या मकबऱ्याचा. तेव्हनो हा दुसरा फ्रेंच प्रवासी १६६६ साली सुरतेला उतरला आणि दख्खनेत आला. युरोपीय माणसाने केलेल्या वेरूळच्या अगदी आरंभीच्या वर्णनांत त्याचे वर्णन मोडते. पुढच्याच वर्षी परतीच्या वाटेवर इराणात तो वारला, वयाची पस्तिशीही न गाठता. पुस्तक मागून निघाले.

ही झाली शतकांपूर्वीची माणसे. अगदी अलीकडचे पाहा. गी द्लरी हे फ्रेंच जेझुइट पुण्यात राहिले, मराठी शिकले, वारीत चालले. १९५६ साली त्यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'यात्रिकाची स्तोत्रे' असा. १९६० साली विठ्ठलसंप्रदायावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने काढला. त्यांच्यानंतर गी प्वात्वाँ आले ते पुण्याचेच झाले आणि भारताचे नागरिक म्हणून २००४ साली येथेच वारले. हेमा राईरकरांच्या बरोबरीने त्यांनी मावळातल्या आणि इतर खेड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. त्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. लाख ओव्या! आपल्याच आज्यांच्या तोंडच्या. जात्याशी बसून त्या ऐकायला किती पहाटा लागल्या असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. त्यांनी आमच्या खेड्यात मुक्काम केला आणि आम्ही त्यांच्या खेड्याला खिडकीतून 'स्वच्छ' म्हणालो. ही बाकी मला खटकते.

तथापि या बाकीतून काही माणसांना वगळले पाहिजे. ती प्रवासवर्णनकारांच्या यादीत नाहीत. छावणीत राहणाऱ्या माणसाला तरी त्यांचा विसर पडू नये, कारण आमच्या या वस्तीचा जन्मच हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेपायी झाला. त्याच फौजेच्या घोडदळातून पुढे डेक्कन हॉर्स हा रिसाला निघाला आणि १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडपाशी त्याने घोडे घातले. त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स न्यव्ह शापेल या खेड्यात लढले आणि त्यांचे फार नुकसान झाले. त्या गावाशी १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. मार्सेलिस म्हटले की आपल्याला ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून घेतलेली उडी आठवते, आणि ती आठवावीच. परंतु चारच वर्षांनी त्याच बंदरात हिंदी फौजेचे हजारो जवान उतरले आणि तेथून थेट खेड्यांत गेले.

हे लोक शेतकऱ्यांच्या गोठ्यांत, माळ्यांवर, ओसरीवर राहिले. त्यांची पत्रे लष्करी सेन्सॉर उघडून वाचीत असे, म्हणून त्यांतल्या कित्येकांचे इंग्रजी उतारे लंडनमध्ये शिल्लक राहिले. डेव्हिड ओमिसी या अभ्यासकाने १९९९ साली त्यांतून निवडून एक ग्रंथ केला. मी तो उसना आणून, शब्दकोश जवळ ठेवून वाचला. पुरुष लढाईवर गेल्यावर बायाच शेते कसतात, मुली शाळेत जातात, लोणी काढायला यंत्र आहे, घरची म्हातारी परक्या शिपायाला मुलासारखे वागवते, हे सगळे त्या पत्रांत आहे. लिहिणारे बहुतेक उत्तरेकडचे. अनेकांना अक्षरही येत नव्हते, दुसऱ्याकडून लिहवून घेत. साहित्य म्हणून त्यांनी एक ओळ लिहिली नाही. पण एखाद्या फ्रेंच घरात पहाटे पहिले कोण उठते, हे त्यांना ठाऊक होते. प्रवासवर्णनाच्या परीक्षेत मी पहिला प्रश्न हाच घालीन.

मराठी डोळा फ्रान्सच्या खेड्यात गेला तर त्याला काय दिसेल? येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

मिले या चित्रकाराचे एक चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, १८५७ सालचे. कापणी झालेल्या रानात तीन बाया वाकून काहीतरी वेचीत आहेत. लांबवर गंज्या, गाड्या, मालकाचा माणूस घोड्यावर. प्रवासवर्णनात याचा उल्लेख आलाच तर 'धान्य वेचणाऱ्या स्त्रिया' असा येतो. अहो, हा सरवा! मराठवाड्यात कोणत्याही आजीला चित्र दाखवा, ती सांगेल की बाया सरवा वेचताहेत, आणि पुढे असेही सांगेल की घोड्यावरचा तो माणूस त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे. गरिबांनी कापणीनंतर सरवा वेचण्याचा हक्क फ्रान्समध्ये १५५४ सालच्या राजाज्ञेने मान्य केला होता. मिले ज्या बार्बिझों गावात राहिला ते पॅरिसपासून साठ किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथे जाऊन एखाद्या मराठी लेखकाने हा एक शब्द त्या चित्राखाली ठेवला असता, तर मोनालिसाच्या शंभर वर्णनांपेक्षा मी त्याचा अधिक ऋणी झालो असतो.

किंवा द्राक्षे घ्या. फ्रेंच मद्यावर आपल्याकडे मिश्किल प्रकरणे पुष्कळ आहेत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ती वाचताना पान उलटावे लागते ते वेगळेच. पण नाशिक-तासगावचा बागाईतदार बर्गंडीच्या बागेत उभा राहिला तर पेल्याकडे पाहण्याआधी वेलीची छाटणी पाहील. आपल्याकडे एका पिकासाठी दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिकडे थंडीत वेल झोपलेली असताना एकदाच. आपली वेल कधी झोपतच नाही, तिला कात्रीने वेळ सांगावी लागते. येवढे एक वाक्य लिहायला त्या मातीत किमान एक हंगाम राहायला हवे.

शार्त्रचे कॅथीड्रल तर वारकऱ्यानेच पाहावे. ११९४ साली आगीत जळून ते पुन्हा उभे राहिले, त्याच्या रंगीत काचांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण भोवताली सपाट गव्हाचे रान आहे आणि चालत येणाऱ्याला त्याचे दोन मनोरे कितीतरी आधीपासून दिसू लागतात. शार्ल पेगी हा कवी १९१२ साली पॅरिसहून तेथे पायी गेला; अजून दरवर्षी हजारो लोक चालत जातात. कळसाचे दर्शन म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला त्या रानात दुभाष्या लागणार नाही.

आमच्या गावकऱ्याने जावे ते पों द्यु गारला. रोमनांनी पहिल्या शतकात नीमला पाणी नेण्यासाठी सुमारे पन्नास किलोमीटरांचा कालवा काढला, साऱ्या लांबीत उतार अवघा बारा-तेरा मीटरांचा. मध्ये नदी आडवी आली म्हणून तिच्यावर सुमारे एकोणपन्नास मीटर उंचीची तीन मजली कमान. मलिक अंबराची नहर आणि पाणचक्कीचे पाणी पाहत वाढलेल्या माणसाला कमानीची उंची दुय्यम वाटेल. तो विचारील, गाळ कोण काढीत होते?

इतके दुसऱ्यांना सुनावल्यावर स्वतःचे लपवणे बरे नाही. वेरूळला जाणारा रस्ता आमच्या छावणीवरूनच जातो. तीस किलोमीटरांचे अंतर. शाळेच्या सहली घेऊन मी तेथे किती वेळा गेलो याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी हातात शिट्टी व तोंडात "चला, चला". एका सहलीत दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, एक मुलगा मागे राहिला. सुताराचाच मुलगा. छताकडे पाहत उभा होता. मी दंड धरून त्याला ओढले तेव्हा त्याने विचारले, "सर, दगडाच्या छपराला लाकडासारख्या फासळ्या कशाला कोरल्या? दगडाला त्या लागत नाहीत." मी म्हणालो, "बस सुटेल." त्या प्रश्नाचे उत्तर कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे, तेथे दगडी छताखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या अजून टिकून आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तोवर तो शाळा सोडून गेला होता.

आता छावणीतच त्याचे सुतारकामाचे दुकान आहे. परवा गुरुवारी बाजारातून येताना मी तेथे टेकलो. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. पॅरिसचे नोत्र दाम २०१९ च्या एप्रिलात जळले, त्याचे लाकडी आढे हजाराहून अधिक ओकच्या झाडांतून पुन्हा उभे केले आणि २०२४ च्या डिसेंबरात ते मंदिर उघडले, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. तो मला दाखवीत होता ते निराळे. तिकडचे सुतार करवतीचे यंत्र बाजूला ठेवून हातातल्या कुऱ्हाडीने तुळया ताशीत होते, जुन्या पद्धतीने. तो चित्र थांबवून, बोटांनी मोठे करून सांधा पाहत होता.

"सर, तुमच्याकडे पॅरिसची एवढी पुस्तकं आहेत. हा सांधा कसा घातलाय, ते कुणी लिहिलंय का?"

नोत्र दामची निदान सात वर्णने माझ्या कपाटात आहेत. मी नाही म्हणालो. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि रंधा हातात घेतला.